चमचाबाईची उसनी जीभ

दुकानात तिला सगळे चमचाबाई म्हणत. त्या मोठ्या किराणा दुकानात शिरलं, की डाव्या हाताला पावाची भट्टी, उजव्या हाताला फळं आणि दोन्हींच्या मध्ये पांढरं कापड घातलेलं एक छोटं टेबल. त्या टेबलामागे ती उभी असायची. समोर लाकडी चमच्यांचा गठ्ठा, कागदी वाट्या आणि त्या दिवशी जे खपवायचं असेल ते. कधी सूप, कधी चीज, कधी नवीन बिस्किटं. येणाऱ्याजाणाऱ्याला एक चमचा चाखायला द्यायचा आणि दोन गोड शब्द बोलायचे, एवढंच काम. नावाची गंमत तिला स्वतःलाच जास्त होती. "साहेबांचे चमचे या दुकानात पुष्कळ आहेत," ती म्हणायची, "पण पगारी मी एकटीच."

बावन्न वर्षांची, ठेंगणी, हसली की डोळे मिटायचे. नवरा गेल्यावर तिने हे काम धरलं, त्याला नऊ वर्षं होत आली होती. घरी ती आणि तिची थोरली नणंद. नणंदेने लग्न केलं नव्हतं. जन्मभर शिवणकाम केलं, आणि आता डोळे थकल्यावर स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर झाकलेलं फडकं. घरात माणसं दोनच, पण आवाज दहा माणसांचा. रोज संध्याकाळी जेवताना मिठावरून वाजायचं.

"वन्सं, आज मिठाचा डबा सापडला नाही वाटतं?"

"सापडला. काल तूच म्हणालीस ना समुद्र आणून ओतलात म्हणून? आज समुद्र आटवला."

असं चालायचं. दोघींनाही त्याशिवाय घास उतरत नसे.

चमचाबाईला दुकान आवडायचं. दुपारी दोन ते चार या वेळात तर फारच. त्या वेळी गर्दी ओसरलेली असायची, छतातून संथ वाद्यसंगीत झिरपत असायचं आणि माणसं झोपेत चालल्यासारखी गाड्या ढकलत फिरायची. गाणं संथ असलं की पावलं संथ पडतात आणि पावलं संथ पडली की हात लांब होतात, हे तिने पहिल्याच वर्षी पाहून ठेवलं होतं. फळांवरचा दिवा किंचित गुलाबी होता. त्या उजेडात फिकं सफरचंदसुद्धा लाजल्यासारखं दिसायचं. सफरचंदांचा ढीग अगदी रेखीव रचला, तर कोणी त्याला हात लावायला धजत नसे. मग ती जाता जाता दोन सफरचंदं उचलून बाजूला ठेवायची. तेवढी भोकं पडली, की लोक धिटाईने घ्यायला लागायचे. डोळ्यांच्या रेषेत जे असे ते निम्मे लोक उचलत. गुडघ्याच्या रेषेत असे ते लहान मुलं उचलत, आणि आया परत ठेवत, आणि मुलं पुन्हा उचलत. संध्याकाळी सहाला येणारा माणूस भुकेला असायचा. तो जे बघेल ते गाडीत टाकायचा. यादी घेऊन येणारा माणूस यादीतल्या दहा वस्तू घ्यायचा आणि यादीत नसलेल्या बारा.

"कोणालाच ठाऊक नसतं आपण काय घेतोय," ती घरी येऊन सांगायची. "सगळे आपले तरंगत असतात."

"आणि तू?" वन्सं विचारायच्या.

"मी काठावर उभी असते. चमचा घेऊन."

त्या वर्षी तिला ताप आला. आठ दिवस अंथरुणात काढले. नवव्या दिवशी अंगात थोडं बळ आलं तशी ती कामावर गेली. सरकते दरवाजे उघडले, ती आत आली आणि थबकली. काहीतरी चुकत होतं. दुकान तेच, दिवे तेच, गाणंही तेच. पण सगळं काचेच्या पलीकडे असल्यासारखं. मग तिच्या लक्षात आलं, भट्टीचा वास नाही. सकाळी नऊला त्या दरवाज्यातून आत येणाऱ्या प्रत्येकाला तो वास मऊ हाताने धरून आत ओढायचा. भट्टी दाराजवळ ठेवलीच होती त्यासाठी.

"आज भट्टी बंद का हो?" तिने पाववाल्याला विचारलं.

पाववाल्याच्या दोन्ही हातांत वाफाळत्या पावांचा ट्रे होता. त्याने ट्रेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मावशी, अजून झोपेतच आहात का?"

ती हसली. "तापाची सुस्ती," म्हणाली. टेबलापाशी गेली, टेबलाखालच्या थंड पेटीतून नमुन्याचं लोणी काढलं, बोटावर घेऊन जिभेला लावलं. जिभेवर काहीतरी गुळगुळीत सरकलं. बस्स. मग तिने मोहरीचं चाटण उघडलं. एरवी नाकातून धूर काढणारं ते चाटण. आता नुसती झिणझिण झाली, पायाला मुंग्या आल्यावर होते तशी. जिभेवर पोट चालणारी बाई ती, आणि जीभच रुसली होती.

तिने कोणालाच सांगितलं नाही. दोन-चार दिवसांत येईल परत, असं स्वतःला समजावलं आणि हसत उभी राहिली. घरी जे वाढलं ते मुकाट्याने खाल्लं. चौथ्या दिवशी वन्संनी हातातली पळी खाली ठेवली.

"काय झालंय तुला?"

"कुठे काय?"

"चार दिवस झाले, मिठावरून एक शब्द बोलली नाहीस. काल मी रश्श्यात मीठच घातलं नाही. मुद्दाम. तू म्हणालीस, छान झालंय. आज दुप्पट घातलं. तरी छान झालंय. अगं, माझ्या हातचं तू लागोपाठ दोनदा छान म्हणालीस, म्हणजे तुला काहीतरी मोठा आजार असणार."

चमचाबाईने ताटाकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. वास गेला, चव गेली, सगळं कापसात गुंडाळल्यासारखं झालं. साहेबांना कळलं तर टेबल जाईल. तिच्या वयाच्या बाईला दुसरं टेबल कोण देणार?

वन्संनी तिचं ताट बाजूला सारलं. मग उठल्या, हात धुतले, आणि म्हणाल्या, "उद्या काय खपवायचंय?"

"गाजराचं सूप."

"आहे का पिशवीत? काढ."

सूप गरम केलं. वन्संनी एक चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले. शिंप्याने कापड दोन बोटांत धरून चोळून बघावं तसं त्यांनी ते जिभेवर फिरवलं. "लिही," त्या म्हणाल्या. "धुऊन धुऊन मऊ झालेली सुती चादर. पण कडेला अजून थोडी खळ शिल्लक आहे."

"वन्सं, असं कोणी सुपाबद्दल बोलतं का?"

"मला आंबटगोडातलं काय कळतं? मला कापडातलं कळतं. जा, हेच सांग."

दुसऱ्या दिवशी भीतभीतच चमचाबाईने पहिल्या गिऱ्हाइकाला ते सांगितलं. घाईत असलेली एक बाई होती, गाडीत अर्धं घर भरलेलं. "हे घ्या," चमचाबाई म्हणाली, "धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीसारखं आहे." बाईचा हात हवेत थांबला. तिने चमचा तोंडात घातला आणि तिचा चेहरा निवांत झाला, जणू कुणीतरी तिच्या अंगावर खरंच पांघरूण घातलं. "अगदी," ती म्हणाली. "अगदी तसंच आहे." आणि तीन डबे घेऊन गेली.

पुढचे सहा महिने हे असंच चाललं. संध्याकाळी दुकानातून नमुने घरी यायचे. वन्सं खिडकीशी बसून चाखायच्या, डोळे मिटायच्या आणि कापडाच्या भाषेत सांगायच्या. कडक चीज म्हणजे जुन्या कोटाचं अस्तर. आल्याची बिस्किटं म्हणजे खरखरीत लोकर, पण आतून ऊब. एका स्वस्त मुरंब्याबद्दल त्या म्हणाल्या, "चकचकीत नकली रेशीम. पहिल्या धुण्यात रंग जाईल," आणि तो मुरंबा खपवताना चमचाबाईने फक्त "रेशीम" एवढंच सांगितलं. बाकीचं गिळलं.

संध्याकाळची ती वेळ तिला सुखाची वाटायची. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागत असायचे, खिडकीतून उजेडाचा तुकडा शिवणयंत्रावर पडायचा, आणि वन्संच्या मिटल्या पापण्यांआड कसली कसली कापडं उलगडत असायची. चमचाबाई वहीत लिहून घ्यायची. आपल्याला चव नाही हे ती त्या वेळात विसरायची. कधीकधी तिला वाटे, आपल्याला चव येते आहे, फक्त ती जिभेवर येत नाही, कानातून येते.

दुकानात तिच्या टेबलाभोवती घोळका जमू लागला. साहेब खूश होते. साहेब म्हणजे दुकानाचा व्यवस्थापक, पस्तिशीचा, कायम घाईत असलेला, शर्टाची एक बाही वर आणि एक खाली. "मावशी, तुमच्या जिभेवर साखर आहे," तो म्हणाला. चमचाबाईला तोंडात मारल्यासारखं झालं. पण ती हसली.

त्याच दिवसांत विद्यापीठातून एक अभ्यासक बाई आली. माणसं दुकानात खायच्या वस्तू कशावरून निवडतात, यावर ती काहीतरी लिहीत होती. रोज दुपारी वही घेऊन फळांच्या कोपऱ्यात बसायची आणि पैसे भरून बाहेर पडणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायची, "हे का घेतलंत?"

"काय सांगतात लोक?" चमचाबाईने एकदा विचारलं.

"सगळ्यांची उत्तरं तीनच. स्वस्त आहे, सवय आहे, चव आवडली." अभ्यासक बाईने वही मिटली. "गाणं संथ होतं म्हणून घेतलं असं कोणीच सांगत नाही. शेजारच्या गाडीत दिसलं म्हणून घेतलं असंही नाही. आणि मावशी, तुमच्या टेबलावरून घेणारे तर सगळे म्हणतात, चव आवडली."

चमचाबाईने टेबलावरच्या वाट्या उगाचच पुन्हा एका ओळीत लावल्या.

मग तो दह्याच्या पेयाचा दिवस आला. काचेच्या सुबक बाटल्यांत भरलेलं पांढरं पेय होतं. आदल्या संध्याकाळी वन्संनी एक घोट घेऊन सांगितलं होतं, "तान्ह्या बाळाचं झबलं. दहा वेळा धुतलेलं, उन्हात वाळवलेलं." चमचाबाईला ते इतकं आवडलं की झोपेतही तिला दोरीवर वाळत घातलेली झबली दिसत राहिली, वाऱ्याने फुगलेली, रिकामी, पांढरी.

सकाळी तिने बाटल्या टेबलावर मांडल्या. रात्रीतून थंड कपाट बंद पडलं होतं आणि पहाटे पुन्हा सुरू झालं होतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाटल्या हाताला गारच लागल्या. तिने वाट्या भरल्या. वास घेतला असता, तर कोणालाही कळलं असतं. तिने नेहमीसारखी वाटी पुढे केली. "बाळाच्या झबल्यासारखं आहे, घेऊन बघा."

लोक पीत गेले. कोणी क्षणभर थांबलं, कोणी घोट गिळताना डोळे बारीक केले. पण तिचा हसरा चेहरा बघितला, मागच्या माणसाला मान डोलावताना बघितलं आणि तेही मान डोलावून पुढे गेले. एका तरुण बाईने दोन बाटल्या घेतल्या. अकराव्या वाटीला पोस्टातले आजोबा आले.

हे आजोबा रोज यायचे. पोस्टातून निवृत्त झालेले, एकटेच राहायचे. घरात कंटाळा येतो म्हणून दुकानातला एक फेरा मारायचे, गाणं ऐकायचे, टेबलापाशी जे असेल ते चाखायचे आणि एक छोटा पाव घेऊन जायचे. त्यांनी वाटी घेतली, पूर्ण प्यायली, रुमालाने मिशा पुसल्या. बाजूला होऊन उभे राहिले. टेबलापाशी कोणी नाही असं बघून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, रागावू नका. पण हे नासलंय."

चमचाबाईने हातातला चमचा खाली ठेवला. "मग तुम्ही प्यालात का आजोबा? सगळं?"

"तुम्ही म्हणालात ना, बाळाच्या झबल्यासारखं." आजोबा ओशाळले. "मला वाटलं, माझीच जीभ म्हातारी झाली. एवढ्या लोकांना आवडतंय, म्हणजे चूक आपलीच असणार."

ती टेबल तसंच टाकून धावली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिने टेबल सोडलं. सरकते दरवाजे, पायऱ्या, रस्ता. बसथांब्यावर ती तरुण बाई उभी होती, पिशवीतून बाटल्यांच्या माना वर आलेल्या. चमचाबाईने धापा टाकतच हात पुढे केला. "त्या द्या इकडे. बिघडल्यात."

"हो?" तरुण बाई म्हणाली. "मलाही जरा कसंसंच लागलं होतं. पण सगळे घेत होते."

"घरी लहान मूल आहे?"

"म्हणूनच तर घेतल्या. झबलं म्हणालात ना तुम्ही."

चमचाबाईने बाटल्या छातीशी धरल्या. ती तशीच परत आली. दुकानात तेच संथ गाणं चालू होतं, फळं गुलाबी उजेडात लाजत होती, माणसं तरंगत होती. आजवर ती म्हणायची, मी काठावर असते. आता तिला दिसलं, की या सगळ्यांना पाण्यात ओढणारा हात तिचाही होता.

ती तडक साहेबांच्या काचेच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच बोलली. "साहेब, मला चव येत नाही. सहा महिने झाले. वासही येत नाही. आज मी लोकांना नासलेलं पाजलं."

साहेब खुर्चीत पुढे सरकला. "काय बोलताय तुम्ही? मग इतके दिवस लोकांना काय सांगत होतात?"

"वन्संचं शिवणकाम."

"म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं. चादर, अस्तर, लोकर. साहेबाला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण नकली रेशमाशी पोचेपर्यंत त्याच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. मग त्याने डोक्याला हात लावला. सगळ्या बाटल्या काढून टाकायला सांगितलं, चाखून गेलेल्या लोकांसाठी दारात सूचना लावायला लावली. त्या दिवशी कोणी आजारी पडलं नाही, हे नशीब. दोघाजणांची पोटं थोडी कुरकुरली, तेवढंच.

संध्याकाळी त्याने तिला पुन्हा बोलावलं. अभ्यासक बाईही तिथे बसली होती. साहेब म्हणाला, "मावशी, खरं सांगू? तुमच्या बोलण्याने माल खपतो. तुम्हाला चव येते की नाही, हे कोणाला कळायचं कारण नाही. मी गप्प बसतो. तुम्हीही बसा."

सोपं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. चमचाबाई पदराशी चाळा करत उभी राहिली आणि तिच्यासमोर आजोबांचा ओशाळा चेहरा आला. माझीच जीभ म्हातारी झाली.

"नको साहेब," ती म्हणाली. "टेबल राहू द्या, मीही राहते. पण आता मी सांगणार नाही. विचारणार."

"काय विचारणार?"

"कसं लागतं ते. मला येत नाही, त्यांना येतं. त्यांनी मला सांगावं."

साहेबाने हताशपणे अभ्यासक बाईकडे पाहिलं. तिने खांदे उडवले, पण तिचे डोळे चमकत होते. "पंधरा दिवस बघा तरी," ती म्हणाली. "मला लिहायला काहीतरी नवीन मिळेल."

साहेबाने पंधरा दिवस दिले. जास्त एक दिवस नाही, असंही बजावलं.

पहिल्या दिवशी चमचाबाईने वेष्टनं झाकून ठेवली. नुसत्या वाट्या. कोणत्या कंपनीचं काय, हे टेबलाखाली. समोर आलेल्या पहिल्या माणसाला ती म्हणाली, "मला तापामुळे चव कळेनाशी झालीय. तुम्ही चाखून मला सांगाल का, कसं आहे?"

तो माणूस गोंधळला. "चांगलं आहे," म्हणाला आणि निघाला.

"चांगलं म्हणजे कसं?"

तो वळला. पुन्हा एक चमचा घेतला. या वेळी त्याने घास तोंडात धरला. त्याचे डोळे कुठेतरी लांब गेले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "खरं म्हणजे नुसतं खारट आहे. आणि मागून एक पिठाची चव येते. हेच सूप मी दर आठवड्याला नेतो हो!" तो हसला, पण जरा घाबरल्यासारखा.

तसं होऊ लागलं. घाईतली माणसं दुपारच्या त्या संथ वेळात टेबलापाशी थांबायची, चमचा तोंडात धरायची आणि डोळे मिटायची. एकाच वेळी चार-पाच जण डोळे मिटून उभे आहेत, छतातून गाणं झिरपतंय, आणि समोर एक ठेंगणी बाई वही उघडून वाट बघते आहे, असं दृश्य दिसायचं. एका ट्रकचालकाने गाजराच्या सुपाला "घरी पोचल्यावर बूट काढतो तसं" म्हटलं. एका परिचारिकेला चीज चाखून तिच्या वडिलांच्या कपाटाचा खण आठवला, आणि ती काही न घेताच, पण हसत गेली. पोस्टातल्या आजोबांनी तीन दिवस विचार करून एका बिस्किटाबद्दल सांगितलं, "न उघडलेल्या पाकिटासारखं. वाटतं आत काहीतरी आहे, पण नसतं."

चमचाबाई सगळं लिहून घ्यायची आणि संध्याकाळी वन्संना वाचून दाखवायची. वन्सं नाक मुरडायच्या. "बूट काढल्यासारखं! त्यापेक्षा माझी चादर बरी."

"तुमची चादर माणसं न चाखताच अंगावर घेत होती, वन्सं."

वन्संनी वही तिच्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाल्या, "मला एकदा ते तुझं दुकान बघायचंय."

इतक्या वर्षांत वन्सं तिथे गेल्या नव्हत्या. आधी भावाने आणलेलं खाल्लं, नंतर भावजयीने आणलेलं. कुणी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी मागितलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी दोघी गेल्या. वन्संनी दोन तास लावले. मासळीच्या थंड पेट्या, पिठांच्या भिंती, डब्यांचे मनोरे यांमधून त्या एखाद्या अनोळखी गावात हिंडावं तशा हिंडल्या, पाठीवर हात बांधून. चमचाबाई चार पावलं मागे. तिला कळून चुकलं, की हजारो अनोळखी हात तिला पाठ होते, पण हा हात कुठे थांबेल हे तिला सांगता येत नव्हतं.

हात शेवटी थांबला तो एका बिस्किटांच्या पुड्यावर. वन्संनी पुडा उचलला, कानाशी नेला, दोन बोटांत चोळला. "कागद बघ किती छान चुरचुरतो. हाच घेऊ."

"वन्सं, कागदावरून घेताय?"

"मग कशावरून घेऊ? चाखायला तू सुट्टीवर आहेस."

बिस्किटं दगडासारखी निघाली. वन्संनी पुडा आठवडाभर रोज चहात बुडवून बुडवून संपवला, पण चूक झाली असं काही त्यांनी कबूल केलं नाही.

पंधरा दिवसांनी साहेबाने पाहिलं, तर काही गोष्टी खपेनाशा झाल्या होत्या आणि काही दुप्पट खपत होत्या. ते खारट सूप बनवणाऱ्या कंपनीने तक्रार केली आणि आपले नमुने परत नेले. गाजराचं सूप मात्र आणून ठेवलं की संपायचं. बेरीज-वजाबाकी करून साहेबाने एवढंच म्हटलं, "राहू द्या तुमचं टेबल. माणसं आता रेंगाळतात तरी." अभ्यासक बाईचं लेखन पुरं झालं. जाताना तिने एक प्रत दिली. त्यात चमचाबाईबद्दल दीड ओळ होती, आणि तिला त्यात "चाखणी केंद्र" म्हटलं होतं. वन्संनी ती ओळ दोनदा वाचायला लावली. "केंद्र!" त्या म्हणाल्या. "ही बया घरात कधी मध्यभागी बसू देत नाही मला, आणि बाहेर केंद्र झाली."

वर्ष गेलं, त्यापुढचंही बरंचसं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, येईल तर येईल. चमचाबाईने वाट बघणं सोडून दिलं होतं. जेवताना ती पोत चघळायची, उष्णता चघळायची आणि वन्संच्या मिठावरून सवयीने भांडायची.

एका सकाळी ती मागच्या दाराने आत येत होती. तिथे भाजी उतरवून घ्यायची जागा होती. रिकाम्या खोक्यांची थप्पी लागलेली, फरशी नुकतीच धुतलेली. ती थप्पीजवळून गेली आणि एकदम थांबली. मग हळूच एका उपड्या खोक्यावर बसली. भाजी उतरवणारा गडी पाण्याची बाटली घेऊन धावत आला.

"मावशी, चक्कर आली का? बोलावू कोणाला?"

ती मान हलवत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुन्हा पुन्हा श्वास आत ओढत होती, लहान मूल पाणी पितं तसा, मोठमोठ्याने.

"वास येतोय," ती म्हणाली. "ओल्या पुठ्ठ्याचा."

"तो तर इथे रोजच येतो," तो म्हणाला. "नाक फुटतं आमचं त्या वासाने."

"रोज येतो? हो का?" चमचाबाईने बाजूचं एक ओलसर खोकं मांडीवर ओढून घेतलं आणि त्याच्या कडेला नाक लावलं. "किती छान आहे रे हा."